साडी दादरची, कापूस कोणाचा?

तुळशीचे लग्न लागले की आपल्याकडे माणसांच्या लग्नांच्या बैठकी सुरू होतात. याद्या झाल्या की पहिला प्रश्न निघतो तो बस्त्याचा. तालुक्याच्या गावी आज काय मिळत नाही? तरीही मुंबईत एखादे नातलग असले की कोणीतरी म्हणतेच, "बस्ता दादरला बांधू. तिथं फॅशन नवी असते." मग रात्रीची गाडी, पाच-सात बायका, पिशव्या धरायला दोन पुरुष, आणि कनवटीला किंवा आता मोबाइलमध्ये त्या हंगामाच्या पिकाचे पैसे.

भगिनींनो, तुम्ही म्हणाल, बियाणे, खते आणि बोंडअळी यांवर बोलणाऱ्या शेतीखात्यातल्या बाईने साड्यांवर कशाला लिहावे? त्याला दोन कारणे आहेत. माझे बालपण लालबागच्या चाळीत गेले. वडील गिरणीत साचेखात्यात होते. घरात भाताइतक्याच सहजपणे सुताच्या गोष्टी चालत. पुढे बी. एस्सी. अ‍ॅग्री होऊन नोकरीला लागले, तेव्हा बरीच वर्षे जालना-परभणीच्या कापूस मुलखात गेली. त्यामुळे कोणी नवी साडी दाखवली की माझे लक्ष आधी रंगाकडे जात नाही. हात आपोआप पोताकडे जातो. आणि गावोगावच्या बायकांना हे ठाऊक असल्याने दरवर्षी एक-दोन कुटुंबे तरी मला म्हणतात, "मॅडम, तुम्ही मुंबईच्या. बस्त्याला चला."

2025 च्या डिसेंबरात अशीच एका कुटुंबाबरोबर गेले होते. चार एकर कोरडवाहू, त्यात कापूस आणि तूर. मुलगी परळला द्यायची होती आणि वरपक्षाच्या सोयीसाठी बस्ता दादरला ठरला होता. तिथे जे पाहिले ते आधी सांगते, म्हणजे तुमच्यापैकी कोणी जाणार असेल तर उपयोगी पडेल.

दादर स्टेशनच्या पश्चिमेला उतरून फुलबाजार ओलांडला की रानडे रोड लागतो. पूर्वेला परळच्या दिशेने चालत गेले की हिंदमाता. पावसाळ्यात पाणी तुंबले म्हणून दरवर्षी ज्याचे नाव वर्तमानपत्रात येते तेच हे हिंदमाता. एरवी तो साड्यांचा मोठा बाजार आहे. ज्यांना ठोकाने घ्यायचे असते ते आणखी पुढे, गिरगावच्या शेजारी काळबादेवीला, मुळजी जेठा मार्केटात जातात. बस्त्याच्या बायका मात्र दादरलाच रमतात, कारण तिथे दुकानदार मराठीत बोलतो, गादीवर बसवतो, चहा पाजतो आणि शंभर साड्या उलगडल्या तरी तोंड वाकडे करीत नाही.

आज तिथे चलती आहे ती 'आपल्या' साडीची. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लग्नात बनारसी नाहीतर कांजीवरम हवी असे. आता पैठणी. पैठणीची साडी तर आहेच, शिवाय पैठणीचे जाकीट, पैठणीची पर्स, बाळाच्या बारशाची पैठणीची टोपी. मोर आणि मुनिया यांना दादरमध्ये सध्या क्षणाची उसंत नाही. खणाचेही तसेच. खण मुळात चोळीचा; कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचे ते अरुंद कापड आपल्या आज्या ओटीत घालीत. आता खणाच्या पोताची अख्खी साडी निघाली आहे आणि ती तरुण मुलींना फार शोभते, हे कबूल केले पाहिजे. इरकलही परत आली. काळ्या किंवा हिरव्या इरकलीवर चांदीसारखे काळपट दागिने आणि पायात खेळाचे बूट घालून दादरच्या पुलावरून झपझप चालणाऱ्या मुली मी पाहिल्या. साडीवरून कमरेला पट्टा आवळायची रीत पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला एस. टी.चा कंडक्टर आठवला होता. पण त्याने पदर जागच्या जागी राहतो आणि दोन्ही हात मोकळे राहतात. गाडीत लोंबकळत जाणाऱ्या बाईला त्याची किंमत कळते.

नवरात्रात तर लोकलच्या डब्यात एका दिवशी सगळ्या पिवळ्या आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या हिरव्या. हे नऊ रंगांचे खूळ फार जुने नाही. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत वर्तमानपत्रांनी ते रुजवले. कोणी त्याला शास्त्र समजत असेल तर समजू नये. पण खूळ असले तरी निरुपद्रवी आहे, आणि ऑफिसातल्या साहेबीणबाई व झाडूवाली मावशी त्या दिवशी एका रंगात दिसतात, हे मला आवडते.

सगळ्यांत मोठी चलती शिवलेल्या नऊवारीची. पेशवाई, ब्राह्मणी, मस्तानी असे तिचे प्रकार पाटीवर लिहिलेले असतात. 'बाजीराव मस्तानी' हा चित्रपट 2015 साली आला, त्यानंतर तर या शिलाईला ऊत आला. गिरगावात गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून, नाकात नथ, डोक्याला फेटा आणि डोळ्यांवर काळा चष्मा लावून बुलेट चालवणाऱ्या मुली तुम्ही टीव्हीवर पाहिल्या असतील. त्यांतल्या बहुतेकींची नऊवारी शिवलेली असते, नेसलेली नव्हे. पायजम्यासारखी चढवायची, नाडी ओढायची. कासोटा तयार, निऱ्या तयार.

याला नाक मुरडणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. मी त्यांतली नाही. नऊवारी हा मुळात कामाचा वेष आहे. चिखलात भात लावताना, बांधावर चढताना, विहिरीवर पाणी शेंदताना पाय मोकळे राहावेत म्हणून कासोटा. ज्या मुलीला बुलेट चालवायची आहे तिलाही तेच हवे आहे. फक्त एक लक्षात ठेवा. कात्री लागली की त्या साडीचे दुसरे काही होत नाही. ती धाकट्या बहिणीला बसत नाही आणि बाळंतपणानंतर स्वतःलाही बसत नाही. तेव्हा शिवून घ्यायची तर बेताच्या किमतीची साडी घ्या, शिंप्याला आत भरपूर माया सोडायला सांगा आणि आईच्या किंवा सासूच्या जुन्या जरीच्या लुगड्याला कात्री लावू देऊ नका. ते नेसायला शिकायला एक दुपार पुरते.

आता आमच्या बस्त्याकडे वळते. एका मोठ्या दुकानात नवरीसाठी मोरपंखी पैठणी काढली. पदरावर मोर, काठाला जर, झगझगीत दिवे. किंमत चौदा हजार पाचशे. मुलीची आई शाळेत चौथीपर्यंत गेलेली, पण भागाकार तिचा तोंडपाठ. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मॅडम, दोन क्विंटल कापूस."

मी विक्रेत्याला विचारले, "हातमागाची आहे का?" तो म्हणाला, "हातमागाचीच समजा." बायांनो, दुकानात 'समजा' हा शब्द आला की सावध व्हा. मी म्हटले, "पदर उलटा करून दाखवा." त्याने जरा का-कू केले, पण दाखवला. मागल्या बाजूला मोराच्या अंगाखाली रंगीत धागे मोकळे लोंबत होते, काही कातरलेले होते. म्हणजे यंत्रमागाची.

ही खूण प्रत्येकीने पाठ करावी अशी आहे. येवल्याच्या किंवा पैठणच्या हातमागावर पदराचा मोर विणताना प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी असते. पंखाचा हिरवा जिथे संपतो तिथे तो धागा वळतो आणि शेजारच्या रंगात अडकतो, पुढे जात नाही. म्हणून त्या पदराची नक्षी सुलट तशीच उलट दिसते. यंत्रावर रंगाचा धागा नक्षी असो-नसो मागून तसाच पुढे धावत जातो. हातमागावर साध्या पदराच्या साडीलाही दिवस लागतात, भरगच्च पदराला महिने. म्हणून ती महाग. त्या विणकराच्या पाठीचे आणि डोळ्यांचे ते पैसे आहेत आणि ते द्यावेत असे माझे मत आहे. पण यंत्राच्या साडीला ते देऊ नयेत.

आम्ही उठलो. शेजारच्या गल्लीत तशाच नक्षीची, तशाच रंगाची साडी बत्तीसशेला मिळाली. तिथल्या माणसाने सरळ सांगितले, "ही सेमी आहे ताई, पॉलिस्टरची. ड्रायक्लीन करा, चार लग्नं निघतील." मुलीला ती आवडली. घेतली. सेमी नेसणे यात कमीपणा काहीच नाही. नव्वद टक्के पाहुण्यांना फरक कळत नाही आणि उरलेले दहा टक्के मनात ठेवतात.

दुकानातले शब्दही समजून घ्या. 'आर्ट सिल्क' मधला आर्ट म्हणजे कला नव्हे. ते 'आर्टिफिशियल'चे लघुरूप, म्हणजे नकली रेशीम. 'सेमी सिल्क' म्हणजे अर्धे रेशीम असेही नाही. बहुधा त्यात रेशमाचा धागा औषधालाही नसतो. खऱ्या रेशमावर 'सिल्क मार्क'ची चिठ्ठी मागा. केंद्रीय रेशीम मंडळाने उभारलेल्या संस्थेची ही खूण 2004 पासून चालू आहे. पण ती फक्त धागा रेशमाचा आहे एवढेच सांगते, माग हाताचा की यंत्राचा हे सांगत नाही. त्यासाठी हातमागाची वेगळी खूण असते. आणि घरी खात्री करायची तर पदराच्या टोकाचे दोन धागे ओढून काडीपेटीने जाळा. रेशीम केस जळल्यासारखे घाणते आणि राख चुरडली जाते. सूत कागदासारखे जळते, मागे करडी भुकटी राहते. पॉलिस्टर वितळते आणि टोकाला टणक मणी धरतो.

त्या मण्याविषयी थोडे थांबून सांगते, कारण ही गोष्ट फॅशनच्या पलीकडची आहे. चुलीपुढे, स्टोव्हपुढे, दिवाळीच्या पणत्यांत आपली बाई जी साडी नेसून वावरते ती आज बहुतेक घरी पॉलिस्टरची असते. सुती कापडही पेट घेते, भराभर पेट घेते. पण पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटते आणि ओढले तर कातडीसकट येते. म्हणून नवी सून आली की तिच्या रोजच्या साड्यांत स्वयंपाकासाठी दोन तरी सुती साड्या असाव्यात आणि पदर खोचलेला असावा. लग्नाच्या बस्त्यात पन्नास गोष्टींची यादी होते. ही वस्तू त्या यादीत मला कधी दिसली नाही.

आता गंमत पाहा. त्याच दिवशी दुपारी शिवाजी पार्काच्या बाजूला एका छोट्या दुकानात गेलो. तिथे गर्दी होती ती बँकेतल्या, कॉलेजातल्या, डॉक्टरीण अशा बायकांची, आणि त्या घेत होत्या सुती साड्या. मलमल, हाताने ठसे मारलेली, जरा चुरगळलेली. पंधराशे, अठराशे, अडीच हजार. इस्त्री नको, खळ नको, चुरगळलेलीच नेसायची, तीच फॅशन. नवरीच्या आईने एक साडी हातात घेतली, अंगठा आणि बोटाने चोळली आणि म्हणाली, "ही तर रुईच आहे." मग किंमत पाहून ठेवून दिली. तिच्या अंगावर पॉलिस्टरची साडी होती, आठवड्याच्या बाजारातली, साडेतीनशेची. ज्या वर्षी तिच्या शेतात वीस क्विंटल कापूस निघाला त्या वर्षीही तिने सुती साडी घेतली नव्हती.

हे असे का, याचा हिशेब मांडून पाहू. आपल्या बोलण्यातली गाठ 170 किलो रुईची. रुईचा उतारा शेकडा 34 धरला तर एका गाठीला पाच क्विंटल कापूस लागतो. कोरडवाहू एकराला बऱ्या वर्षी साधारण एवढाच येतो. कताईत धूळ आणि आखूड तंतू जाऊन त्या गाठीचे 145 ते 150 किलो सूत होते. ब्लाउजपीससह साडी साडेचारशे ग्रॅमची धरली तर एका एकरातून सव्वातीनशे साड्या झाल्या. 2025-26 च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये जाहीर झाला. पाच क्विंटलचे 40,550. तेही हमीभाव पुरता हातात पडला तर. म्हणजे एका साडीमागे शेतकऱ्याला सव्वाशे रुपये, आणि सरकीचे पैसे त्यातच आले. दुकानात साडी पंधराशेची.

मधले सगळे पैसे कोणी लुबाडले असे मी म्हणत नाही. जिनिंग आहे, कताई आहे, विणकर आहे, रंगारी आहे, आणि दादरमधल्या दुकानाचे भाडे तर विचारू नका. पण सव्वाशे हा आकडा डोक्यात ठेवला म्हणजे 'कापड महागले म्हणजे कापूसवाल्याचे बरे चालले' असे शहरात कोणी म्हणाले तर त्याला उत्तर देता येते.

कधीकाळी हे सगळे धागे इथेच जुळत. हार्बर लाइनवर कॉटन ग्रीन नावाचे स्टेशन आहे. कापसाचा बाजार पूर्वी कुलाब्याकडे भरे, तो या बाजूला हलवला गेला आणि नाव बरोबर आले. खानदेश-वऱ्हाडातून आलेल्या गाठी तिथल्या गोदामांत उतरत आणि परळ-लालबागच्या गिरण्यांत जात. मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी ताडदेवला काढली, तिची उभारणी 1854 मध्ये सुरू झाली. पुढे शंभर-सव्वाशे वर्षे गिरणगावच्या भोंग्यावर घड्याळे लावली गेली. माझ्या लहानपणी आमच्या चाळीच्या गॅलरीत दोऱ्यांवर आजीची सुती लुगडी आणि आईची पाचवारी पातळे वाळत असत. त्यांना भाताच्या पेजेची खळ. भायखळ्याच्या खटाव मिलची व्हॉइल नेसून एखादी बाई जिन्यावरून उतरली की बाकीच्या तिच्याकडे वळून पाहत. वडील पदराचा कोपरा हातात धरून सूत किती नंबरचे असेल ते सांगत, आणि आई म्हणे, "बाईमाणसाचा पदर असा धरू नये हो."

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. साठाच्या आसपास गिरण्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार. तो संप कोणी रीतसर मागे घेतलाच नाही. पहिले काही महिने चाळीत उत्साह होता, मग उधारी, मग गप्प बसणे. पुढच्या वर्षी आमचे कुटुंब साताऱ्याकडे गावी परतले. दोन एकर जमीन होती म्हणून तगलो. ज्यांना जमीन नव्हती त्यांच्या बायकांनी लालबाग-परळात खाणावळी चालवल्या, मसाले कुटले, पोळ्या लाटल्या. वडिलांनी गावी नांगर धरला, पण कपड्याच्या दुकानात गेले की ताग्याची किनार उलटून पाहायची सवय शेवटपर्यंत गेली नाही.

पुढे 1985 साली नवे वस्त्रोद्योग धोरण आले आणि कृत्रिम धाग्यांना सुताच्या बरोबरीने मोकळीक मिळाली. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सुरत इथल्या यंत्रमागांनी बाजार भरून काढला. विमल आणि गार्डन वरेलीच्या जाहिरातींतल्या बायका चकचकीत कागदावर हसू लागल्या. आज फिनिक्स मिलच्या आवारात मॉल आहे, कोहिनूर मिलच्या जागी उंच इमारत आहे. साडी त्या मॉलमध्येही मिळते. ती कुठे विणली हे मात्र विकणाऱ्या मुलीलाही ठाऊक नसते.

पण पॉलिस्टर आपल्या बायकांवर कोणी लादले असे म्हणणेही खरे नाही. मी स्वतः नोकरीच्या सुरुवातीला शिवारफेऱ्या साडीतच केल्या. सुती साडी पावसात भिजली की दीड दिवस वाळत नाही, तिला खळ लागते, इस्त्री लागते, पहिल्या धुण्यात रंग जातो. ज्या बाईला पहाटे पाचला उठून दोन हंडे पाणी आणून, भाकऱ्या थापून आठला कापूस वेचायला जायचे आहे तिने इस्त्री कधी करायची? पॉलिस्टर पिळले, झटकले, नेसले. पाच वर्षे फाटत नाही. हा तिचा हिशेब पक्का आहे. त्याचे उणे तिला माहीत आहेच: एप्रिलच्या उन्हात घाम मुरत नाही, मांड्यांना घामोळे येते, कुसळे चिकटतात. म्हणून तर वेचणीला ती वरून नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवते, तो बहुधा सुती असतो.

माझे म्हणणे एवढेच, की बस्त्याच्या पैशांचा मेळ थोडा वेगळा बसवता येतो. त्या दिवशी आम्ही चौदा हजार पाचशेची साडी सोडली, तेव्हा अकरा हजारांवर रुपये शिल्लक राहिले. विहीणबाई परळच्या, गिरणी कामगाराची सून, त्यांना हिशेब लगेच कळला. त्या म्हणाल्या, "मानपानाच्या साड्या कमी करा. नेसत तर कोणी नाहीत, कपाटातून कपाटात फिरतात." देण्याघेण्याच्या दोन डझन साड्या होत्या त्या बारावर आल्या. उरलेल्या पैशांतून नवरीला घरात नेसायला चार सुती साड्या घेतल्या, हिंदमात्याला, आठशे-नऊशेच्या. इचलकरंजीकडच्या यंत्रमागाच्या, साध्या, बारीक काठाच्या. धुऊन वापरायच्या असतील तर हे बरे; मलमल नाजूक असते, तिचा तोरा ऑफिसात. एक साडी मुलीच्या आईनेही स्वतःला घेतली. आधी नको नको म्हणाली, मग रंग निवडायला अर्धा तास लावला.

सुती साडी पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात तासभर भिजवून, एकटीच धुवावी. सावलीत वाळवावी. दोन धुण्यांनंतर ती मऊ पडते, तेव्हाच तिचे खरे सुख कळते. आणि ज्यांना खरी पैठणी घ्यायचीच आहे त्यांनी जमल्यास येवल्याला मागावर जाऊन घ्यावी. जालन्याच्या बाजार समितीत रेशीम कोषांची खरेदी होते, मराठवाड्यात तुती लावणारे शेतकरीही आता आहेत. तेव्हा कोष ते पदर हा प्रवास घरातल्या मुलींना दाखवण्याजोगा आहे.

जुन्या साड्यांचे काय करायचे, हेही बायका विचारतात. सुती असेल तर वाकळ. तिच्यासारखी ऊब दुसऱ्या कशाला नाही. पॉलिस्टरची वाकळ घसरते, टाकाही नीट बसत नाही. पण तिला शेतात गिऱ्हाईक आहे. रानडुकरे येतात तिथे पिकाभोवती रंगीत साड्यांचे कुंपण तुम्ही पाहिलेच असेल. सांगोला-आटपाडीकडचे डाळिंबवाले फळाला उन्हाचा चट्टा पडू नये म्हणून झाडांवर साड्या पांघरतात आणि त्यासाठी जुन्या साड्या गठ्ठ्याने विकत घेतात. सुती साडी तिथे एका हंगामात विरून जाते, पॉलिस्टरची दोन-तीन हंगाम टिकते. घेताना फिक्या रंगाच्या निवडा, गडद रंगाखाली ऊन जास्त तापते. आणि जरीचे काठ आधी कापून टाका, ते फांदीत अडकून बसतात.